सात नंबरच्या घराची बाग

गुरुवार, २ एप्रिल

मेहुण्याचं म्हणणं, धंदा करायचा तर रोजचं लिहून ठेवायचं. कुठे गेलो, काय केलं, किती वेळ लागला. त्यानेच ही वही आणून दिली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात 'कामाची नोंद' असं लिहूनही दिलं. गवत कापायचं मशीन त्याचं, टेम्पो त्याचा जुना, तेव्हा मला बोलायची सोय नाही. पण वही माझ्या उशाखाली राहणार आहे, त्यामुळे मनात येईल ते लिहिणार.

चोवीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात काढली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा. या वयात कोण दारात उभं करतं? चार महिने घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसलं, शेवटी तिनेच भावाला फोन केला. भाड्याची घरं सांभाळणारं एक ऑफिस आहे, तिथे त्याची ओळख. अकरा घरांच्या बागा मिळाल्या. प्रत्येक बाग दर पंधरवड्याला एकदा. गवत, कुंपण, पालापाचोळा, वाफ्यातलं तण. सहा घरं गुरुवारी, पाच शुक्रवारी.

ऑफिसातल्या मॅडमनी नियम सांगितले. गेल्या गेल्या बागेचा एक फोटो, निघताना एक फोटो, दोन्ही त्यांना पाठवायचे. निघतानाच्या फोटोत पायरीवर कागदाचा कपटासुद्धा दिसता कामा नये. झुडपांचं कुंपण पाच फूट, इंचभर कमी नाही. आणि भाडेकरूंना त्रास द्यायचा नाही. दार वाजवायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, काही असेल तर ऑफिसला कळवायचं.

आज पहिली सहा घरं केली. पाठीचा पार भुगा झाला. घरांना मी नावं ठेवलीत. कुत्र्याचं घर, कुंड्यांच्या बाईचं घर, कायम भांडणारं जोडपं. सात नंबरला एक आजोबा एकटे राहतात. मी गवत कापत होतो तर खिडकीच्या काचेवर टकटक. वळून पाहिलं तर काठीच्या टोकाने काच वाजवून मला दाखवतायत, तिकडे कोपऱ्यात राहिलंय. तो कोपरा केला. पुन्हा टकटक. भिंतीच्या कडेला राहिलंय. एका बागेत पाच वेळा! शाळेत छडीने टेबल वाजवणारे असायचे, तसेच. यांचं नाव मी मास्तर ठेवलं.

मंगळवार, ७ एप्रिल

पातं बोथट झालं होतं, दोन तास घासत बसलो. बायको म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही घ्या तेवढ्यात." घेतल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली, मला बरं वाटलं.

गुरुवार, १६ एप्रिल

मास्तरांनी आज नऊ वेळा काच वाजवली. मी मोजली. शेवटी स्वतःच काठी टेकत बाहेर आले. लुकडे, पण इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"तुम्ही कडा सोडता," म्हणाले. "मधलं सगळे कापतात. काम कडेला दिसतं."

"बरं, आजोबा."

"बरं नको, करा."

केलं. मग म्हणाले, "आणखी एक. हे कुंपण दोन वीत खाली घ्या. खुर्चीत बसलं की मला रस्ता दिसत नाही. दिवसभर काय झाडाची पानं मोजू? समोरून माणसं जातात, ती दिसली तरी पुरे."

मी म्हटलं, कुंपण पाच फूट ठेवायचा ऑफिसचा नियम आहे, मी विचारून सांगतो. ते म्हणाले, "तुमच्या आधीच्या दोन माळ्यांनीही विचारून सांगतो म्हटलं होतं."

उद्या विचारायला हवं.

मंगळवार, २१ एप्रिल

विचारायचं राहून गेलं आणि त्याचा भुर्दंड पडला. मॅडमचा फोन. सात नंबरच्या भाडेकरूने ऑफिसला फोन करून विचारलं, तुमच्या माणसाने कुंपणाचं कबूल केलंय, त्याचं काय झालं? मॅडमचा पारा चढलेला. "तुम्हाला कोणी सांगितलं कबूल करायला? बोलू नका म्हटलं होतं ना?" मी कबूल वगैरे काही केलं नव्हतं. पण ऐकून कोण घेतंय? तक्रार नंबर एक म्हणून माझ्या नावापुढे लागली.

या वयात कोणाची बोलणी खावी लागतात बघा. आणि कोणामुळे? खुर्चीत बसून काच वाजवणाऱ्या म्हाताऱ्यामुळे.

गुरुवार, ३० एप्रिल

मेहुण्याने कानावर घालायचे ठोकळे दिले. मोठ्या हेडफोनसारखे असतात, मशीनचा आवाज अडवतात. पूर्ण बंद होत नाही, पण जग लांब गेल्यासारखं वाटतं. त्यांचा खरा उपयोग मला सात नंबरला कळला. टकटक येते, पण ऐकू आली नाही असं म्हणायला मी मोकळा!

आज मास्तर बराच वेळ वाजवत होते. मी पाठ फिरवून काम उरकलं. निघताना फोटो काढायला गेलो तर पायरीवर बशीने झाकलेला कप. चहा पार थंडगार झाला होता, वर साय धरली होती. खिडकीत मास्तर नव्हते. म्हणजे त्या चहासाठी बोलावत होते की काय?

असेलही. पण मला कसं कळणार? दहातल्या नऊ वेळा तर चुकाच दाखवतात. कप फोटोत येऊ नये म्हणून कट्ट्याच्या मागे सरकवून ठेवला. चहा प्यायलो, थंड तर थंड.

बुधवार, ६ मे

गेल्या गुरुवारी कुत्र्याच्या घराचं फाटक माझ्याकडून उघडं राहिलं होतं, ते आज कळलं. कुत्रं पळालं, संध्याकाळी सापडलं. तक्रार नंबर दोन. मॅडम म्हणाल्या, "तिसरी आली तर अकराही घरं दुसऱ्याला देईन, दोनजण रांगेत आहेत." दार वाजवणं, हाक मारणं, खिडकीतून डोकावणं, काहीही नको. एका बाईने म्हणे आधीच्या माळ्याबद्दल तो आत बघतो अशी तक्रार केली होती.

बायकोला सांगितलं नाही. तिच्या भावाने शब्द टाकून मिळवून दिलेलं काम आहे.

गुरुवार, १४ मे

आजचा दिवस वाईट सुरू झाला आणि बरा संपला. टेम्पो सुरूच होईना, अर्धा तास त्यात गेला. ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर.

सात नंबरला दहाला पोचलो. मशीन सुरू केलं नाही तोच टकटक. आज सुरुवातीलाच! अजून मी काही कापलंसुद्धा नव्हतं. मी ठरवून टाकलं, आज वळायचंच नाही. दोन तक्रारी डोक्यावर आहेत, मॅडमचा हुकूम आहे, खिडकीकडे बघायचंच नाही. ठोकळे घट्ट बसवले.

मास्तर काही हटत नव्हते. आज तर उठायचेही कष्ट घेतले नसावेत, काचेच्या अगदी खालच्या कोपऱ्यातून वाजवत होते. एकदा वाजवायचे, थांबायचे, मग पुन्हा. गवताची पिशवी रिकामी करायला मशीन बंद केलं तेव्हाही एकदा ऐकू आलं. मी मुद्दाम शीळ घालत मागच्या अंगणात गेलो. परत आलो तेव्हा थांबलं होतं. दमले असतील.

पण कडा मात्र आज मी अशा केल्या की कोणी बोट दाखवू शकणार नाही. पावणेअकराला फोटो काढला, पाठवला. मॅडमचा उलटा निरोप, 'छान, असंच ठेवा.' एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हाताऱ्याला शेवटी कळलं म्हणायचं की हा माणूस दाद देणारा नाही.

गुरुवार, २८ मे

सात नंबरला आज एकदाही टकटक नाही. जिंकलो. पडदा लावून बसलेत, तोही एका बाजूने लोंबतोय, वरच्या दोनतीन कड्या सुटल्यात वाटतं. रुसले तर रुसले.

पायरीवर जाहिरातींचे कागद, दोन पाकिटं आणि एक पुडकं पडलं होतं. पाकिटं दारातल्या फटीतून आत सरकवली, जाहिराती कचऱ्यात टाकल्या, पुडकं कुंडीमागे ठेवलं. त्याशिवाय फोटो कसा काढणार? मागच्या अंगणात वास येत होता. गेल्या वेळचा गवताचा ढीग कोपऱ्यात राहिला होता, तोच कुजला असणार. ओलं गवत उन्हात पडलं की असा वास सुटतो की विचारू नका. सगळा ढीग पोत्यांत भरला, जागा धुऊन काढली. माझीच चूक होती, मीच निस्तरली.

रविवार, ३१ मे

जेवताना सहज बायकोला मास्तरांच्या रुसव्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. ती जेवायची थांबली.

"पुडकं कोणी उचललं नव्हतं?"

"नाही."

"अहो, मग दार वाजवून बघायचं की."

मग तिला दोन तक्रारींचं सांगावंच लागलं. लपवलं म्हणून चिडली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तरीसुद्धा वाजवायचं."

बोलायला काय जातं? अकरा घरं गेली तर पुन्हा तिच्याच स्वयंपाकघरात मी. कोणाकडे तरी गेले असतील. म्हातारी माणसं उन्हाळ्यात मुलांकडे जातात. ऑफिसला मात्र रीतसर निरोप पाठवला, 'सात नंबरचे आजोबा बरेच दिवस दिसले नाहीत.'

सोमवार, १ जून

मॅडमचं उत्तर, 'त्यांचं भाडं एक तारखेला जमा झालंय. काळजी नको.' जीव भांड्यात पडला. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "भाडं बँक भरते, माणूस नाही."

मी म्हटलं, तू आता पोलिसात भरती हो.

शनिवार, ६ जून

झोप नीट लागत नाही. उन्हाने असेल. आज टेम्पो घेऊन सात नंबरच्या रस्त्याने गेलो, तिकडे काही काम नव्हतं तरी. कुंपणामुळे रस्त्यावरून खिडकी दिसतच नाही. बाग मात्र फाटकातून सुरेख दिसते. कोणीही म्हणेल, नांदतं घर आहे.

गुरुवार, ११ जून

काल रात्री ठरवलं होतं, जाऊन सरळ दार वाजवायचं. गेलो. दारासमोर उभा राहिलो, हातही वर केला. आणि डोळ्यांसमोर आलं की दार उघडेल, मास्तर म्हणतील, काय हो, कुंपणाचं विचारलंत का? आणि दुपारी मॅडमचा फोन. हात खाली घेतला. पायरीवर आणखी कागद होते, ते उचलले.

मग एक गोष्ट केली. कुंपण दोन वीत खाली घेतलं. पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावून. म्हटलं, खुर्चीत बसलेले असतील तर रस्ता दिसेल, खूश होऊन खिडकीशी येतील. दिसले की माझं समाधान. ऑफिसने विचारलं तर कीड लागली होती म्हणून सांगेन.

कोणी आलं नाही. पंधरा मिनिटं पाला गोळा करायचं नाटक करत थांबलो. काचेला आतून माश्या बसल्या होत्या, पुष्कळ. एवढ्या माश्या बंद घरात कशाला येतील? खरकटं टाकून गावाला गेले असतील, असं मनाशी म्हटलं आणि पुढच्या घरी गेलो. कुंड्यांच्या बाईची बाग कशी केली ते मला आठवत नाही.

शुक्रवार, १२ जून

मास्तर गेले.

सकाळी मॅडमचा फोन आला तो कुंपणासाठी. फोटोत कुंपण बुटकं दिसतंय, कोणाला विचारून कापलं? मी ऐकून घेतलं. दुपारी पुन्हा फोन, आवाज एकदम बारीक. समोरच्या घरातल्या बाईला सकाळी कुंपणावरून ती खिडकी दिसली, पहिल्यांदाच. काच काळी दिसली. जवळ जाऊन बघितलं तर माश्या. तिने पोलिसांना बोलावलं, त्यांनी दार तोडलं.

मी गेलो. जायला नको होतं, पण गेलो. फाटकाशी ती बाई रडत उभी होती. मला ओळखून म्हणाली, "तुम्हीच बाग करता ना? अहो, बाग इतकी नीट असायची की आम्हाला वाटलं, सगळं ठीक चाललंय. पायरीसुद्धा स्वच्छ. मला दोनदा वाटलं जाऊन बघावं. पण दारात कचरा नाही, गवत कापलेलं, म्हटलं असतील आपल्या व्यवहारात."

टेम्पोत येऊन बसलो.

सोमवार, १५ जून

चौकीवर बोलावलं होतं. अंमलदार शांत माणूस, पाणी दिलं. माझे सगळे फोटो मागितले, तारखांसकट. मग त्याने सांगितलं.

मास्तरांच्या गोळ्यांचा डबा असतो, रोजचा कप्पा वेगळा असतो तसला. तो बारा मे, मंगळवार सकाळपर्यंत रिकामा. त्यानंतरचे कप्पे भरलेले. म्हणजे मंगळवारी केव्हातरी पडले. खुब्याचं हाड मोडलेलं. फोन आतल्या खोलीत, तिथवर जाता आलं नसावं. बाहेरच्या खोलीतून सरपटत खिडकीपर्यंत आले. पडदा धरून उठायचा प्रयत्न केला असावा, कड्या निघाल्यात. खिडकीखाली सापडले, काठी शेजारी. डॉक्टर नक्की सांगू शकत नाहीत, पण दोन दिवस तरी जिवंत असावेत, कदाचित तीन.

"चौदा तारखेला तुम्ही तिथे होतात," तो म्हणाला. "पाऊण तास. काही ऐकलंत?"

मी म्हटलं, "मशीन चालू होतं. कानावर ठोकळे होते."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याने त्या लिहून घेतल्या, वाचून दाखवल्या, आणि मी सही केली. निघताना म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही तरी काय करणार?"

मंगळवार, १६ जून

चौदा मेचं पान काढून वाचलं. एवढं सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, मजेत. खालच्या कोपऱ्यातून वाजवत होते, एकदा वाजवायचे, थांबायचे. आणि शीळ! मी शीळ घातली.

पान फाडायला घेतलं. अर्धं फाटलंही. मग चिकटपट्टी लावली. का लावली ते मला सांगता येणार नाही.

दुपारी मॅडमचा फोन. मला वाटलं, झालं, तिसरी तक्रार. तर म्हणाल्या, "तुमचे फोटो होते म्हणून वाचलो. आपण दर पंधरवड्याला जातो, सगळं व्यवस्थित, हे पोलिसांना दाखवता आलं." कुंपणाचं नावही नाही. उलट शेजारच्या गल्लीतली चार घरं वाढवून देणार आहेत. आणि सात नंबर महिनाअखेर पुन्हा भाड्याने द्यायचंय, तेव्हा बाग जरा जास्त वेळ देऊन करा. फुलझाडं लावा समोर, रंगीत.

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलंच नाही.

बुधवार, १७ जून

बायकोला सगळं सांगितलं. वहीच तिच्या पुढ्यात टाकली, चौदा मेचं पान उघडून. तिने दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडेल, निदान बोलेल तरी. तिने वही मिटली, माझ्या उशाखाली ठेवली आणि भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

रात्री दिवा घालवल्यावर म्हणाली, "त्यांना मुलगी आहे म्हणालात ना?"

"हो. आली आहे, घर आवरायला. मॅडम म्हणत होत्या."

"तिला सांगा. पोलिसांना सांगा न सांगा, तिला सांगा. तिला माहीत असायला हवं."

"काय सांगू? तुझा बाप काच वाजवत होता आणि मी ऐकत होतो?"

"हो," ती म्हणाली. "हेच."

मी तिला म्हटलं, मला भीती वाटते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच म्हटलं असेन. तिने अंधारात माझ्या कपाळावर हात ठेवला, पण सांगू नका असं म्हणाली नाही.

रविवार, २१ जून

गेलो होतो. वाक्यं तयार केली होती. टेम्पोत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिली. 'ताई, चौदा तारखेला ते काच वाजवत होते. मला ऐकू येत होतं. मी वळलो नाही.' तीन वाक्यं, त्यात अवघड काही नाही.

मुलगी चाळिशीपुढची. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून खोकी भरत होती. आत वास आहे म्हणून तिने दोन खुर्च्या बाहेर आणल्या, हिरवळीवर. मी कापलेल्या गवतावर आम्ही दोघं बसलो. तिनेच बोलायला सुरुवात केली. मास्तर मास्तर नव्हतेच. छापखान्यात होते, छपाईतल्या चुका शोधायचे, चाळीस वर्षं.

"तुमच्याबद्दल बोलायचे फोनवर," ती म्हणाली. "नवीन माणूस आलाय, कामाला बरा आहे, पण कडा सोडतो. एकदा म्हणाले, याला एकदा चहा पाजून समजावायला हवं."

ती हसली. मीही हसल्यासारखं केलं.

मग तिने सांगितलं की दहा मेला त्यांचं शेवटचं बोलणं झालं आणि ते भांडणच होतं. ती म्हणत होती, आता माझ्याकडे राहायला या. ते म्हणाले, माझं घर सोडून मी कुठे येणार नाही. तिने रागाने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात फोन केले, कोणी उचलले नाहीत. तिला वाटलं, रुसलेत. ते रुसले की महिनाभर बोलायचे नाहीत, अशी सवयच होती.

"पोलिसांनी मला तुमचं सांगितलं," ती म्हणाली. "मशीन चालू असताना काही ऐकू येत नाही. तुमचा यात काही दोष नाही, मनाला लावून घेऊ नका."

आता, मी मनाशी म्हटलं. आता बोल.

"ताई," मी म्हणालो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "चौदा तारखेला तुम्ही किती वाजता होतात इथे?"

"दहा ते पावणेअकरा."

"मशीन या खिडकीपाशी चालवता?"

"हो. भिंतीला लागूनच."

"आवाज आत जातो?"

"जातो."

ती त्या खिडकीकडे बघत राहिली. काच कोणीतरी पुसली होती.

"मला एकच गोष्ट खात होती," ती म्हणाली. "इतके दिवस एकच. की दोन दिवस ते इथे पडून होते आणि त्यांना कोणाची चाहूलसुद्धा लागली नाही. जगात कोणी उरलंच नाही असं वाटलं असेल. पण तुम्ही आला होतात. म्हणजे त्यांना कळलं असणार ना? की बाहेर कोणीतरी आहे?"

तिने माझे दोन्ही हात धरले. लहान मुलीसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कळलं असेल ना?"

"हो," मी म्हणालो. "कळलं होतं त्यांना."

ती रडायला लागली. म्हणाली, बरं वाटलं, खूप बरं वाटलं. मला पाणी आणून दिलं. ते मी प्यायलो.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. "सांगितलंत तिला?"

तिलाही हो म्हणालो.